ताम्हिणीचे तेरा डाग

मुळशीकडे तीन दिवस जाऊन आले असं सांगितलं की लोक विचारतात, धरण बघायला गेला होतात की प्लॉट बघायला. जमिनीवरचे काळे डाग बघायला गेले होते असं म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही. समोरचा माणूस माझ्याकडे जरा जपून बघतो, घरच्यांची चौकशी करतो आणि निघून जातो. म्हणून एकदा हे लिहूनच ठेवते.

मी चिंचवडच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. २००९च्या मे महिन्यात मला पीएच.डी. करायला लागून आठ वर्षं होत आली होती. विषय चंद्र. त्यासाठी चंद्रावर जावं लागत नाही. त्याच्याभोवती फिरणाऱ्या यानांनी वरून काढलेले फोटो संगणकावर मोठे करून बघायचे, खाली काय काय दिसतं ते ओळखायचं आणि नकाशात भरायचं. सकाळी कॉलेज, दुपारी घर, सासूबाईंच्या गोळ्या, मुलीचा अभ्यास, आणि संध्याकाळी जे काही उरेल ते चंद्राला. लोकांना वाटतं यात काहीतरी काव्य असेल. माझ्या वाट्याला डोळ्यांत घालायचे थेंब आले.

माझा भाग चंद्राच्या फिकट, डोंगराळ जमिनीचा होता. त्या फिकट जमिनीवर अधूनमधून काळपट डाग दिसतात. मध्ये बारीकसा खड्डा आणि भोवती काळं कडं, कडा पुसट. मी असे एकसष्ट डाग शोधले होते. माझं म्हणणं असं, की बाहेरून दगड येऊन आदळला, त्याने खालचा काळा लाव्हा उकरून वर फेकला, आणि ते काळं कडं झालं. म्हणजे जिथे जिथे डाग, तिथे तिथे खाली लाव्हा दडलेला आहे. एकसष्ट डाग जोडले की फिकट मातीखाली लपलेलं लाव्ह्याचं एक मोठं मैदान तयार होत होतं. ते मैदान माझं होतं. माझ्याआधी ते कोणी नकाशात भरलेलं नव्हतं. प्रबंध सगळा त्या मैदानावर उभा होता.

माझ्या मार्गदर्शक सरांची एकच अट राहिली होती. डाग ओळखायच्या खुणांची जी यादी मी चंद्रासाठी केली होती, तीच घेऊन पृथ्वीवरच्या एखाद्या भागाचा उपग्रहाचा फोटो वाचायचा, आधी नकाशा करायचा, मग पायी जाऊन बघायचं की बरोबर आलं का. मुळशी जवळ होती म्हणून मुळशी घेतली. नकाशात चोवीस डाग आले. अकरा कासार आंबोलीच्या बाजूला, तेरा ताम्हिणीला. पायी जाणं तेवढं बाकी होतं आणि ते मी वर्षभर पुढे ढकलत होते. आता मुदतवाढ संपत आली होती. तीस जूनला प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, आणि नव्याने सुरुवात करण्याचं वय आणि अंगातलं बळ दोन्ही माझ्याकडे नव्हतं.

मारुंजी

माझ्याबरोबर बालाजी होता. बालाजी माझ्या नवऱ्याचा पुतण्या, लातूरचा. हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत कामाला आणि मारुंजीत दोन मित्रांबरोबर एका खोलीत राहायला. चंद्राच्या फोटोतून काळे डाग वेचून काढणारा एक प्रोग्राम त्याने मला लिहून दिला होता. वर्षभराचे रविवार त्याने त्यात घातले होते आणि त्याबद्दल एका शब्दाने कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्याचं नाव मी प्रबंधाच्या ऋणनिर्देशात पहिलं घातलं होतं. नवऱ्याचं दुसरं.

मी सकाळी त्याच्या इमारतीखाली पोचले तेव्हा तो मोटारसायकलला नकाशांची नळी बांधत होता. इमारत त्याच्या घरमालकाने स्वतःच्या भातखाचरात बांधलेली. तीन मजले भाडेकरू, आणि खाली गाडी लावायच्या जागेत दोन म्हशी. बालाजीच्या खोलीतल्या मुलांना म्हणे सकाळी आधी म्हशींना बाजूला सारावं लागतं, मग गाडी काढता येते. घरमालक दात घासत उभे होते. पुतण्याने काकूच्या चंद्राची कीर्ती तिथवर नेली होती. त्यांनी तोंडातली राखुंडी थुंकली आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"तितं बोअरला पानी लागतंय का?"

मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग एवढं बघून करायचं काय. सकाळी सात वाजता याचं उत्तर शोधायची माझी इच्छा नव्हती. पण माणूस मोलाचा निघाला. ताम्हिणीला आपले सोयरे आहेत, किसन नावाचे, त्यांच्याकडे मुक्काम करा, लॉजबिज शोधत बसू नका, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं आणि फोनही केला.

अठ्ठेचाळीसाव्या वर्षी मोटारसायकलवर मागे बसून माण-घोटावड्याच्या रस्त्याने जाणं कसं असतं, ते माझ्या कमरेला विचारावं. ते मी इथे सांगत बसत नाही.

कासार आंबोली

पहिला डाग एका शेताच्या टोकाला होता. कॉलेजातून उसनं आणलेलं जागा दाखवणारं यंत्र घेऊन बालाजी पुढे आणि छत्री धरून मी मागे, असे आम्ही बांधावरून चाललो. गवत वाळून पिवळं झालेलं. माळाच्या मध्यावर एकदम काळा ढिगारा दिसला आणि जवळ गेल्यावर कळलं की ती विहीर आहे. खोल, आत सुरुंगाच्या खुणा, आणि खणताना निघालेला सगळा काळा दगड काठाभोवती गोल टाकलेला. पिवळ्या गवतात काळं कडं, मध्ये खड्डा.

मी काठावर उभी राहिले आणि मला भरून आलं. हे मी चंद्रावर आठ वर्षं बघत होते. खालचं काळं वर आलेलं, गोल पसरलेलं. माझी यादी बरोबर होती. मी तिथे उभी असताना बालाजीने माझा फोटो काढला. त्यात मी जशी हसले आहे तशी लग्नाच्या अल्बममध्येही हसलेली नाही.

दिवसभरात अकरापैकी दहा डाग जुळले. सात विहिरी, दोन दगडाच्या खाणी, एक शेततळं, सगळीकडे खालचा काळा दगड उकरून वर आलेला. अकराव्या डागाला कुंपण होतं. आत पुण्याच्या कुणा साहेबांचा बंगला. राखणदार आत सोडेना. आम्ही सरकारी माणसं, जमीन मोजायला आलोय, असा त्याचा पक्का समज झाला होता आणि नकाशांची नळी बघून तो आणखी पक्का झाला. बालाजीने त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला की काकू चंद्रावरच्या खड्ड्यांचा अभ्यास करतात. त्यावर तो आणखी सावध झाला. शेवटी मी फाटकाच्या फटीतून बघितलं. पोहण्याचा तलाव होता आणि भोवती काळी फरशी. मी नकाशावर फुली मारली. बालाजी म्हणाला, "काकू, चंद्रावर यातला एक निघाला पाहिजे."

पौडला एका खानावळीत जेवलो. पिठलं, भाकरी, कांदा. भाकरी ज्वारीची मागितली तर बाई म्हणाली तांदळाची आहे. मी बार्शीकडची. आमच्याकडे तांदूळ सणाला आणि आजाऱ्याला. इथे पांढरीशुभ्र भाकरी पिठल्याला लावून खाताना चुकून सणाच्या दिवशी कामावर आल्यासारखं वाटत होतं. पण दमलेल्या माणसाला ती पोटात हलकी जाते हे कबूल केलं पाहिजे. मी तीन खाल्ल्या. यंत्राच्या बॅटऱ्या संपल्या होत्या म्हणून तिथल्याच दुकानातून नव्या घेतल्या. त्या मुळशीच्या पाण्यापर्यंतही टिकल्या नाहीत.

ताम्हिणी

किसनदादा साठीच्या आसपासचे, बुटके, काटक. त्यांची बायको हिराबाई त्यांच्यापेक्षा हातभर उंच. दोन मुलगे पुण्याला कामाला, घरी ही दोघं, चार गुरं आणि रस्त्याखाली भाताची खाचरं. आम्ही पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं आणि माझ्यात बोलायचं त्राण नव्हतं. हिराबाईंनी ते ओळखलं. गरम पाणी दिलं, सुकटीचं कालवण आणि भाकरी वाढली आणि एकही प्रश्न विचारला नाही. आमच्याकडे पाहुण्याला जेवताना गावाची सगळी माहिती द्यावी लागते. इथली पद्धत मला फार आवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किसनदादा स्वतःच बरोबर निघाले. बॅटऱ्या गेल्यामुळे यंत्र मुकं होतं. मी फोटोचा कागद उघडला आणि पहिला डाग कुठे येतो ते ओढा आणि रस्त्याचं वळण बघून दाखवलं. दादांनी कागद उलटा धरला, सुलटा केला, आणि म्हणाले की ही तर आपलीच जागा.

चढ होता. वाटेला करवंदीच्या जाळ्या, काळी पिकलेली करवंदं. दादा तोडून तोडून देत होते आणि बालाजी चिकाने चिकटलेली बोटं पॅंटला पुसत होता. मी धापा टाकत होते. वर पोचलो. उतारावर, खाचराच्या वरच्या अंगाला, काळा डाग होता. अगदी फोटोत होता तिथेच. मी पिशवीतून भूगर्भवाल्यांची हातोडी काढली. दगडाचा तुकडा घ्यायचा, वहीत नोंद करायची आणि पुढे जायचं, तेराचे तेरा दुपारपर्यंत आटोपायचे असा माझा बेत होता. मी वाकून हातोडी मारली.

दगडावर हातोडी बसली की टणकन आवाज येतो. हातोडी भसकन आत गेली आणि मी डोक्यापासून पायापर्यंत राखेने माखले.

बालाजी मागे सरला. दादा आधी हसले, मग बाईमाणसाला हसलो म्हणून त्यांना वाईट वाटलं आणि त्यांनी खांद्यावरचा पंचा पुढे केला.

"ताई, त्यो राब हाय. दगूड कुटला? आमी जाळलाय त्यो."

राब हा शब्द मी ऐकलेला होता. पुस्तकात होता, परीक्षेतही विचारलेला होता. पण बघितला नव्हता. दादांनी सांगितलं. इथं पाऊस फार, त्यामुळे रोप टाकायच्या जागेत भातापेक्षा गवतच जास्त उगवतं. म्हणून उन्हाळ्यात त्या तुकड्यावर झाडाच्या फांद्या, शेण, पालापाचोळा अंथरायचा, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. गवताचं बी जळतं, राखेचं खत होतं, पावसाळ्याच्या तोंडाला तिथे भाताचं नाहीतर नाचणीचं रोप टाकायचं. प्रत्येकाचा राब असतो, दरवर्षी त्याच जागी. वेगवेगळ्या उतारांवर, खाचराच्या वर.

मी विचारलं, खाली काळा दगड नाही का. दादांनी पायानेच राख बाजूला केली आणि चार बोटं उकरलं. खाली तांबडी माती होती. विटेच्या रंगाची.

मी बार्शीची, बालाजी लातूरचा. आमच्याकडे जमीन जिथे उकराल तिथे काळी. काळं म्हणजे जमिनीतून आलेलं, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, ते आमच्या नखांतच होतं. यादी करताना आम्ही दोघं शेजारी बसलो होतो आणि काळं वरून खाली पडलेलं असू शकतं, हे आमच्या मनात एकदाही आलं नव्हतं. फोटोत एक घर ठिपक्याएवढं दिसतं. चौकोनी राबाचे कोपरे पुसले जातात, तो गोल होतो, आणि मध्ये खड्डा आहे की नाही ते नीट कळत नाही. यादीप्रमाणे तो विहिरीसारखाच दिसतो.

त्या दिवशी आम्ही तेरा डाग बघितले. तेरा राब निघाले. एखादा तरी दगड निघेल म्हणून मी शेवटच्यापर्यंत चालले. अकराव्यानंतर गुडघा बोलायला लागला होता आणि बालाजी माझ्याकडे बघायचं टाळत होता.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण चंद्रावरही राख असते. फार पूर्वी तिथे जमिनीला तोंडं फुटून लाव्ह्याचे फवारे उडाले आणि त्यांची काळी राख वरून खाली पडून त्या तोंडाभोवती बसली. मध्ये बारीक खड्डा, भोवती काळं कडं, कडा पुसट. हे मला माहीत होतं. पहिल्या वर्षीच वाचलं होतं. मी त्याला प्रबंधात एका वाक्यात निकालात काढलं होतं, की प्रस्तुत क्षेत्रात असे पुरावे दिसत नाहीत. दिसत नाहीत कारण मी बघितले नव्हते. माझ्या एकसष्टपैकी किती विहिरी आणि किती राब? राब असतील तर खाली काहीच नाही. मैदानच नाही.

परतताना मी दादांना विचारलं की लांबून बघून राब ओळखायचा कसा. त्यांनी गंभीरपणे विचार केला. म्हणाले की राख वाऱ्याबरोबर एका अंगाला पसरते, विहिरीचा दगड जिथल्या तिथे राहतो. मी इतकी खूश झाले की उतारावर जवळजवळ पडले. दहा पावलं गेल्यावर आठवलं की चंद्रावर वारा नाही.

संध्याकाळी सरांना फोन केला. रेंज फक्त रस्त्यावरच्या एका ढाब्यापुढच्या वळणावर येत होती आणि तिथे ट्रक वळत होते, त्यामुळे मला सगळं दोनदा ओरडून सांगावं लागलं. सर वाईट माणूस नाहीत. माझ्यामुळे त्यांचाही एक उमेदवार आठ वर्षं अडकलेला होता. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की चाचणीचं क्षेत्र कुठपर्यंत घ्यायचं ते संशोधकानेच ठरवायचं असतं. कासार आंबोलीपर्यंत घ्या. अकरापैकी दहा जुळले, हा उत्तम निकाल आहे. ताम्हिणी पुढच्या अभ्यासासाठी ठेवा.

बालाजीने तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. "काकू, एरिया छोटा दाखवा. टेक्निकली खोटं नाही ते. चंद्रावर कोण जाऊन बघणार आहे?"

मी हो म्हटलं. हे मला लिहिताना आवडत नाही, पण मी हो म्हटलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आठ वर्षं मी पहाटे उठून डबे केले होते, मुलीच्या गॅदरिंगला गेले नव्हते, सासऱ्यांच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यात प्रिंटआउट घेऊन बसले होते. आता मला ते संपवायचं होतं. त्या संध्याकाळी मी नकाशाच्या कागदावर पौडच्या पलीकडे एक रेघ मारली आणि ताम्हिणी बाहेर काढली.

ओटा

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी हिराबाईंनी पहिल्यांदा प्रश्न विचारला. चांदोबाचे फोटो आहेत म्हणतात, ते बघायला मिळतील का. मी नळीतून कागद काढले आणि ओट्यावर पसरले. चार कोपऱ्यांवर दादांनी कप ठेवले.

फिकट जमीन, खड्ड्यांमागून खड्डे, आणि माझे डाग, प्रत्येकावर बारीक आकडा. हिराबाईंना खड्डे बघून देवी आलेल्या माणसाचा चेहरा आठवला. दादा मात्र डागांवर खिळले होते. काल दिवसभर ते माझ्याबरोबर हिंडले होते, त्यामुळे काय चाललंय ते त्यांना नेमकं कळत होतं. गंमत म्हणून मी विचारलं, सांगा बघू, यातल्या विहिरी कोणत्या आणि राब कोणते.

त्यांनी बोट ठेवलं. "ह्यो राब." पुढचा. "ह्यी हीर." पुढचा. "राब. राब. हीर."

एकदाही न अडखळता. बालाजी आधी हसत होता, मग त्याने वही काढली आणि आकडे लिहायला लागला. मीही वाकले. माणूस जन्मभर राब भाजत आलेला, कदाचित त्याच्या डोळ्याला काहीतरी दिसत असेल जे माझ्या यादीत नाही. कडेची छटा असेल, उताराचा अंदाज असेल. त्यांचं बोट चाळीसच्या पुढे गेलं तेव्हा मी विचारलं की दादा, कशावरून सांगताय.

दादांनी बोट उचललं. जरा ओशाळले.

"काय की. तुमी इचारलं म्हणून सांगितलं."

बालाजीचं पेन थांबलं. दादा मान खाली घालून चहाची बशी पुसत बसले. ते फसवत नव्हते. पाहुणीने आपल्याला विचारलंय, तिला नाही म्हणून कसं पाठवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. हिराबाई चुलीपाशी जायला उठल्या होत्या, त्या उभ्या राहिल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या,

"अवं, कळंना तर कळंना म्हना की. त्या लिवून घेत्यात."

त्या आत गेल्या. त्या मला काही बोलल्या नव्हत्या. मी ओट्यावर बसले होते, समोर एकसष्ट डाग होते, प्रत्येकावर माझ्या हाताने घातलेला आकडा आणि शेजारी माझ्या हाताने लिहिलेलं, खालून आलेला काळा लाव्हा. सरांनी विचारलं म्हणून सांगितलं होतं. विद्यापीठाने विचारलं म्हणून सांगितलं होतं. दादांना कशावरून म्हणून विचारल्यावर त्यांनी निदान खरं सांगितलं. मला इतकी लाज वाटली की चहा तसाच ठेवून मी गोठ्याकडे जाऊन उभी राहिले.

परत

परतताना धरणाच्या पाण्याशेजारी मोटारसायकलची साखळी तुटली. बालाजी एका टेम्पोवाल्याबरोबर साखळी आणायला गेला आणि मी आंब्याच्या सावलीत नळी मांडीवर घेऊन दीड तास बसले. तो काळे हात घेऊन परत आला तेव्हा मी त्याला सांगितलं की ताम्हिणी आत घेणार आहे. तेराचे तेरा.

तो साखळी बसवायला लागला. मग न बघता म्हणाला, "काकू, मग माझ्या प्रोग्रामचं काय?"

मी म्हटलं की तुझा प्रोग्राम बरोबर आहे. त्याला काळं शोधायला सांगितलं होतं, त्याने काळं शोधलं. काळं का आहे, ते त्याला आपण सांगितलं. त्याला ते पटलं की नाही कोण जाणे. पण पिरंगुटपर्यंत तो खड्डे चुकवत होता, म्हणजे राग असला तरी माझ्या कमरेवर काढत नव्हता.

घरी आल्यावर मी एकसष्ट डाग पुन्हा बघायला घेतले. जिथे काठ उचललेला दिसतो आणि भोवती मोठे दगड फेकलेले दिसतात, तिथे खालून वर आलं असं म्हणता येतं. असे नऊ निघाले. उरलेल्या बावन्नांच्या फोटोत तेवढं बारीक दिसतच नाही. यादीला मी तिसरा रकाना पाडला आणि त्यात लिहिलं, कळत नाही. बावन्न वेळा लिहिलं. खाली नुसती वरच्यासारखंच अशी खूण टाकता आली असती, पण मी प्रत्येक ठिकाणी पूर्ण लिहिलं.

सरांनी ते पान बघितलं आणि चष्मा काढून ठेवला. बावन्न ठिकाणी कळत नाही म्हणणारा प्रबंध कोण घेईल, असं त्यांनी विचारलं. ते रागावले नव्हते, दमले होते. मीही दमले होते. सगळी प्रकरणं नव्याने लिहायला वर्ष तरी लागणार होतं आणि माझ्याकडे महिना होता. तीस जून आला आणि गेला. नोंदणी रद्द झाल्याचं पत्र श्रावणात आलं. खूप वाईट वाटलं. नवऱ्याने पत्र वाचून घडी करून कपाटात ठेवलं आणि त्या दिवशी कुकर त्याने लावला.

ही हकिगत इथेच संपायची. पण दुसऱ्या वर्षी, २०१०च्या शेवटी, साताऱ्याकडच्या एक शिक्षिका घरी आल्या. पस्तिशीच्या, दोन मुलांच्या आई, सरांची नवी विद्यार्थिनी. आपल्या यानाने काढलेले चंद्राचे नवे फोटो अभ्यासकांना मिळायला लागणार होते आणि त्यात म्हणे पूर्वीपेक्षा कितीतरी बारीक दिसणार होतं. सरांनी त्यांना माझा तक्ता दिला होता. त्यांनी तो पिशवीतून काढला, तिसऱ्या रकान्यावर हात ठेवला आणि जरा भीतभीतच विचारलं, की मॅडम, ही बावन्न ठिकाणं मी घेतली तर चालतील का? तिथे तुम्ही काही ठरवलेलं नाही म्हणून विचारतेय.

मी त्यांना कागद दिले. माझ्या वह्या दिल्या, बालाजीचा प्रोग्राम दिला, ताम्हिणीचा पत्ता दिला. मला त्यांचा हेवा वाटला, आणि तसं मी त्यांना सांगितलंही.